खोलीचं गार टोक

सासऱ्याचं वर्षश्राद्ध रविवारी झालं आणि सोमवारी सकाळीच बुनिमनं प्यो मिस्त्रीला बोलावून घेतलं. निदान चार दिवस तरी जाऊ द्यायचे होतेस, लोक काय म्हणतील, असं कुंपणापलीकडची उल्जिनकरीण म्हणाली. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. सत्तावीस वर्षं थांबलेल्या बाईला आणखी चार दिवसांचं कौतुक नव्हतं.

दुमुल हे गाव चुन्यांगच्या बाजारापासून दहा किलोमीटर वर, डोंगराच्या पोटात आहे. नोव्हेंबरात किमचीचे रांजण जमिनीत पुरून झाले की मार्चपर्यंत तिथं कुणी विनाकारण घराबाहेर पडत नाही. बुनिमच्या घरात समोरासमोर दोन खोल्या होत्या. लहान खोलीत कोळशाच्या वड्यांची शेगडी येऊन बरीच वर्षं झाली होती. मोठी खोली मात्र आजेसासऱ्यानं बांधली तशीच राहिली होती. स्वयंपाकघरातल्या चुलीत लाकडं घालायची. त्यांची आच आणि धूर खोलीच्या जमिनीखालच्या दगडी वाटांतून फिरत पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडायचा. वरच्या शिळा तापल्या की त्यांच्यावर चिकटवलेल्या तेलकागदावर माणसांनी बसायचं, जेवायचं, झोपायचं. चुलीलगतच्या शिळा चटका बसेल इतक्या तापत. धुराड्याकडच्या जेमतेम कोमट होत, आणि लाकूड कमी असलं तर तेवढ्याही नाहीत. एकाच खोलीला अशी दोन टोकं होती, एक उबेचं आणि एक गार. उबेच्या टोकाला घरातलं सगळ्यांत मोठं माणूस बसायचं. तिथून पुढं मानाप्रमाणे उतरत यायचं. गार टोकाला रताळ्यांची कणगी, पाण्याचा तांब्या आणि सून.

बुनिम लग्न होऊन आली तेव्हा सासरा उबेच्या टोकाला बसलेला होता, आणि मागच्या हिवाळ्यात गेला तोही तिथंच बसल्याबसल्या. मधल्या काळात तो तिथंच जेवला, तिथंच झोपला आणि तिथूनच सगळ्यांना हुकूम सोडत राहिला. त्याच्या खालचा कागद आधी पिवळ्याचा तपकिरी झाला होता आणि मग जवळजवळ काळा. तो डाग मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा होता.

आता त्या जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप घालायचे होते आणि मागच्या पडवीत तेलावरचा बॉयलर बसवायचा होता. चुन्यांगमधल्या निम्म्या घरांत हे होऊन गेलं होतं. प्योनं स्वतःच दोन-तीनशे खोल्या केल्या असतील. पन्नाशीचा, बुटका, तोंडाळ माणूस, कानावर कायम पेन्सिल. त्यानं खोली मापली आणि पाठीमागच्या भिंतीवर पेन्सिलीनं नकाशा काढायला घेतला. बुनिमनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली.

"दोन पाइपांमधलं अंतर सगळीकडे एकच पाहिजे, मिस्त्री. वीतभर. आणि बॉयलरचं पाणी आधी गार टोकाला शिरलं पाहिजे. तिथून फिरत फिरत शेवटी चुलीकडे."

"उलटं सांगताय तुम्ही, वहिनी," प्यो म्हणाला. "चुलीकडे दाट घालायचे असतात. म्हाताऱ्यांची पाठ शेकायला नको?"

"या घरात म्हातारं कुणी उरलेलं नाही."

प्यो हसला, पण तिच्याकडे बघून त्यानं ते हसू आवरलं आणि नकाशा तिच्या मनाप्रमाणे काढला.

बुनिमला घाई होती त्याचं कारण हेरान. बुनिमची ही एकुलती लेक पंचवीस वर्षांची होती, लग्न करून यंग्जूला राहत होती आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाळंत होणार होती. पहिले एकवीस दिवस आईकडेच काढायचे हे ठरलेलं होतं. लहान खोलीत बाळंतिणीला ठेवणं शक्य नव्हतं. कोळशाचा धूर फटीतून वर येतो आणि माणसं झोपेतच जातात, गावानं अशा दोन तिरड्या पाहिल्या होत्या. राहता राहिली मोठी खोली, आणि ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गरम पाहिजे होती. एक कोपरासुद्धा गार चालणार नाही, असं बुनिमनं मनाशी घट्ट धरलं होतं.

बुनिमचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकट्या दिराचा देगूहून फोन आला. बाबांची जागा तेवढी तशीच राहू दे वहिनी, बाकीच्या खोलीचं काय करायचं ते कर, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः बाराव्या मजल्यावर राहत होता आणि तिथली जमीन सगळीकडे सारखी गरम असायची. बुनिमनं हे त्याच्या कानावर घातलं आणि फोन ठेवून दिला.

मंगळवारी जमीन उखडली. कागद निघाला, त्याखालची माती निघाली आणि काजळीनं मढलेल्या शिळा उघड्या पडल्या. प्यो पहारीनं एकेक शिळा उचकटत होता आणि दोघं मिळून ती अंगणात नेत होते. उबेच्या टोकाकडची शेवटची, चुलीच्या तोंडावरची सगळ्यांत मोठी शिळा राहिली. प्योनं तिच्याखाली पहार घातली, मग थांबला. हातमोजा काढून त्यानं शिळेवर तळवा ठेवला.

"चूल कधी पेटवली होती?"

"मागच्या वर्षी. प्रेत निघालं त्या दिवशी."

तिनंही हात लावून बघितला. अंड्यांवरून कोंबडी उठल्यावर गवत असतं तेवढी ती शिळा गरम होती. उन्हानं तापली असेल, प्यो म्हणाला. खोलीचं दार पूर्वेला होतं आणि ऊन दहालाच निघून गेलं होतं. पण शिळा हलवायची होती आणि दिवस लहान होता, म्हणून दोघांनीही ऊन म्हणून सोडून दिलं. शिळा लोळवत अंगणात नेली आणि सोयाच्या रांजणांशेजारी टाकली. संध्याकाळी बुनिमनं जाऊन पुन्हा हात लावला तेव्हा ती चारचौघा दगडांसारखी गार होती.

ती तिथं वाकलेली असतानाच उल्जिनकरणीनं कुंपणावरून डोकं वर काढलं आणि गावच्या रीतीप्रमाणे बुनिमला माहेरच्या गावावरून हाक मारली.

"गामनेकरणी, हेरान आली का गं?"

अजून तीन आठवडे आहेत की, बुनिम म्हणाली. उल्जिनकरीण 'अस्सं' म्हणाली, खोलीच्या बंद दाराकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग यंदाचा कोबी कसा पोकळ निघाला ते सांगू लागली.

दुसऱ्या दिवशी गार टोकाकडच्या शिळा निघाल्या. त्यांच्याखालची काजळी इतकी पातळ होती की बोटानं पुसली जात होती. बुनिम तिथं बराच वेळ उभी राहिली. प्योला वाटलं, दमली असेल.

तिची पहिली मुलगी या शिळांवर नऊ दिवस होती. जंगलखात्याचे पहारेकरी लाकूड तोडू देत नव्हते तो हिवाळा. सासू आधीच गेलेली, नवरा डोंगरापलीकडच्या कोळशाच्या खाणीत. लाकूड एका खोलीपुरतं होतं, म्हणून सगळे याच खोलीत. सासरा उबेच्या टोकावरून हलला नाही. बाळाला तिथं घेऊ का, असं बुनिमनं दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्यानं ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, पोरीची जात चिवट असते. रात्री तांब्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. या भागात मूल झालं की फाटकावर डाव्या पिळाची गवताची दोरी बांधतात. मुलगा असेल तर तिच्यात लाल मिरच्या खोवतात आणि मुलगी असेल तर कोळसा आणि देवदाराची डहाळी. दोरी आहे तोवर एकवीस दिवस परकं माणूस उंबरा ओलांडत नाही. पोरीसाठी कसली दोरी, असं सासऱ्यानं आधीच बजावलं होतं. मग काय, नऊ दिवस माणसं येत राहिली, दार उघडत राहिलं, वारा आत येत राहिला. नवव्या दिवशी सकाळी बुनिमनं पोरीला उचललं तेव्हा ती थंड होती. तिचं नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

त्याच वर्षी वसंतात घरात रेशमाच्या अळ्या आल्या. अळ्यांना पंचवीस अंश ऊब लागते, दोन अंश कमी झाले की त्या पाला खायच्या थांबतात. तेव्हा सासरा आपणहून उठला. त्यानं अळ्यांची सुपं उबेच्या टोकाला मांडू दिली आणि महिनाभर भिंतीला टेकून बसला. बुनिमनं पुढं वीस वर्षं अळ्या वाढवल्या. लाकडी पट्टीवरचा थर्मामीटर कायम तिच्या कमरेला असायचा आणि गावात तिच्याइतकं नेमकं तापमान कुणी राखत नसे. पण तो उठला होता हे ती विसरली नाही. हेरानला तिनं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

गुरुवारी ती बाजारात जाऊन आली तर प्योचे पाइप अंथरून झाले होते. बुनिमनं काठीवर वीतभराची खूण केलेली होती. ती गार टोकापासून मोजत निघाली आणि चुलीपाशी पोचल्यावर ताठ उभी राहिली. तिथं पाइप चार-चार बोटांवर होते.

"हात आपोआपच तसा जातो हो," प्यो ओशाळून म्हणाला.

"जातो ना? मग आता परत आणा."

त्यानं तेवढा भाग उचकटला आणि नव्यानं घातला. या वेळी प्रत्येक पाइप बुनिमनं काठीनं स्वतः मोजला. पाण्याचा दाब दिला, काटा रात्रभर हलला नाही, आणि शनिवारी वर सिमेंटचा गिलावा पडला. तो हळूहळू वाळावा म्हणून त्यावर गवताच्या चटया पसरल्या. आठवडाभर तरी पाय ठेवू नका, असं सांगून प्यो गेला.

सोमवारी सकाळी बुनिमनं एक चटई उचलून बघितली. सगळी जमीन काळपट ओली होती. फक्त चुलीकडे एक भाग पांढराफटक वाळला होता. मधे रुंद आणि दोन्ही बाजूंना दोन गोल, मांडी घातल्यावर गुडघे येतात तसे. तिनं फोन केला तेव्हा प्यो म्हणाला की त्या भिंतीमागे स्वयंपाकघर आहे, तिकडची धग लागत असेल. चुलीचं तोंड विटांनी बुजवून चार दिवस झाले होते आणि ते प्योनंच बुजवलं होतं. बुनिमनं हे त्याला ऐकवलं नाही. तिनं चटई परत टाकली.

डिसेंबर लागला, नवा पिवळा तेलकागद चिकटवून झाला आणि बॉयलर पेटला. बुनिमनं दोन तास जाऊ दिले. मग थर्मामीटर घेऊन खोलीत गेली आणि अळ्यांच्या दिवसांतल्यासारखी जमिनीवर टेकवत, थांबत, आकडे वाचत फिरली. खोलीच्या मध्यावर वीस. चुलीकडे एकेचाळीस. गार टोकाला, जिथं बॉयलरचं उकळतं पाणी सगळ्यांत आधी शिरत होतं, तिथं शून्य.

तिला पहिला संशय प्योचाच आला. तो आला, पाइपांतली हवा काढली, जोड तपासले. पडवीतून आत शिरणाऱ्या पाइपला हात लावला आणि चटका बसून झटकला. त्याच पाइपवरच्या जमिनीला हात लावला आणि पुन्हा झटकला, या वेळी गारठ्यानं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"पाणी तर फिरतंय, वहिनी. परतीचा पाइपही गरम आहे."

"मग ऊब जाते कुठं?"

तिनं त्याला भाजलेलं रताळं दिलं. तो चुलीकडे जाऊन भिंतीला पाठ टेकून बसला, दोन घास खाल्ले, आणि मग बोलता बोलता पाय आखडून बाजूला सरकला. पुन्हा थोडा सरकला. वडीलधारं माणूस आत आलं की जागा सोडून देतात तसा सरकत सरकत तो खोलीच्या मध्यापर्यंत आला, गुडघ्यांवर बसला आणि रताळं दोन्ही हातांत धरून मान खाली घालून खाऊ लागला. बुनिम बघत होती. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"कशाला उठलात?" तिनं विचारलं.

प्योनं मागं वळून पाहिलं. मग रताळं तसंच खिशात घातलं, उद्या येतो म्हणाला आणि आला नाही.

बुनिमनं गार टोकाला पाण्याचा वाडगा ठेवला. सकाळी त्यावर पापुद्रा होता. तिनं बॉयलर बंद केला, तरी चुलीकडे एकेचाळीस. पूर्ण चढवला, तरी गार टोकाला शून्य. चौथ्या दिवशी नवा कागद चुलीकडे तपकिरी पडायला लागला. पाण्याच्या उष्णतेनं तेलकागद करपत नाही, हे कुठलंही पोर सांगेल. बुनिम त्या डागाच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता, आणि तो आजचा नव्हता.

हेरानला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सोडलं. बुनिमनं गवत भिजवलं, डाव्या पिळाची दोरी वळली, कोळसा आणि डहाळी खोवून तयार ठेवली. दुपारी साडेतीनला फाटकाशी टॅक्सी थांबली. जावई दोघींना उतरवून त्याच टॅक्सीनं परत गेला. बर्फ नुकतंच भुरभुरायला लागलं होतं. बुनिमनं फाटकावर दोरी बांधली आणि लेकीला घेऊन ओटा चढली.

हेरान दारात थांबली. बाळ तिच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं होतं.

"आई, अर्धी खोली गारच आहे की. कुठं घालू हिला?"

"थांब तिथंच," बुनिम म्हणाली.

ती एकटी आत गेली. चुलीकडे जाऊन तपकिरी डागासमोर उभी राहिली. नडग्यांना धग लागत होती.

"मामंजी, उठा."

पडवीत बॉयलर घुरघुरत होता.

"अळ्यांसाठी उठला होतात. मी पाहिलंय. उठता येतं तुम्हाला."

धग वाढली. कागदाच्या कडेला तेलाचा बारीक बुडबुडा आला आणि फुटला.

दोनदा विचारून झालं होतं, सत्तावीस वर्षांपूर्वीच. तिसऱ्यांदा ती विचारणार नव्हती.

"ऊठ," बुनिम म्हणाली. "तुझा दगड अंगणात टाकलाय. तिथं जाऊन बस. ही खोली माझ्या मुलीची आहे."

हेराननं आईच्या तोंडून थोरामोठ्यांना असा शब्द जन्मात ऐकला नव्हता.

"कुणाशी बोलतेस?"

"दारातून बाजूला हो."

"आई..."

"बाजूला हो, हेरान. जाऊ दे त्याला."

हेरान उंबऱ्याच्या आत सरकून भिंतीला चिकटली.

बाळ किरकिरत होतं, ते एकदम गप्प झालं.

जुन्या तंबाखूचा वास आला. चुलीकडून मध्यावर, मध्यावरून दारात.

दाराच्या चौकटीवर ताणलेला कागद बाहेरच्या बाजूला फुगला, क्षणभर तसाच राहिला आणि सैल पडला.

बुनिमनं दार ओढून घेतलं.

संध्याकाळी सहाला तिनं थर्मामीटर फिरवला. चुलीकडे चोवीस, मध्यावर चोवीस, धुराड्याकडे चोवीस. तिनं मधोमध गादी घातली, लेकीला समुद्रशेवाळाचं गरम सूप वाटीभर जास्तच पाजलं आणि त्या रात्री स्वतः चुलीकडे पाय ताणून, पाठीवर पडून, मोकळीढाकळी झोपली. लग्नानंतर त्या जागी तिची पाठ पहिल्यांदा टेकली होती.

सकाळी अंगणात वीतभर बर्फ होतं. रांजणांवर, भिंतीवर, उचकटून टाकलेल्या शिळांवर, सगळीकडे सारखं. फक्त त्या मोठ्या शिळेवर मधला भाग कोरडा होता, बसलेल्या माणसाएवढा. आजूबाजूला पावलं नव्हती. बुनिमनं वाट झाडली, रांजण झाडले, आणि शेवटी फावडंभर बर्फ उचलून त्या कोरड्या जागेवर टाकलं. ते दुपारपर्यंत वितळलं नाही.

तिसऱ्या दिवशी हेरान म्हणाली की बाळाला धुराड्याकडे निजवते, तिकडे जास्त छान आहे.

"छान म्हणजे?"

"ऊबदार. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं. हात लावून बघ ना."

कणगी असायची त्याच्या अलीकडे, भिंतीपासून हातभर. बुनिमनं हात लावला. मग थर्मामीटर आणला. आजूबाजूला चोवीस. मधल्या कोपरभर जागेत साडेछत्तीस. तिनं बॉयलर बंद केला आणि तासभर वाट पाहिली. खोली एकवीसवर उतरली. ती कोपरभर जागा साडेछत्तीसच राहिली.

"इथं नको," ती लेकीला म्हणाली. "तुझी तू मधेच नीज."

हेरान झोपल्यावर तिनं पेटीतून लहानसं दुपटं काढलं. चौकोनी घडी उघडली, त्या जागेवर अंथरलं, कडा सरळ केल्या. तिला रडू येईल असं वाटलं होतं. पण तिला आनंद झाला, पोटातून झाला, आणि त्या आनंदाचं काय करायचं ते कळेना. मग ती ओट्यावर गेली, उरलेलं गवत भिजवलं आणि दुसरी दोरी वळायला बसली. कोळसा, देवदाराची डहाळी, डावा पीळ. फाटकावर पहिल्या दोरीच्या खाली तिनं ती बांधली.

बांधून होतेय तोवर उल्जिनकरीण रस्त्यानं आली. माहेर समुद्रकाठचं, म्हणून गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला शेवाळाची जुडी तिच्याकडून जायची. ती दोरीपाशी रीतीप्रमाणे बाहेरच थांबली आणि दोन्ही दोऱ्यांकडे पाहिलं.

"दोन? जुळ्या झाल्या आणि बोलली नाहीस?"

"दोघी आहेत," बुनिम म्हणाली.

"तरीच मेलं माझ्या डोक्यात बसेना. एक ही आता आलेली, हिचा आवाज खणखणीत आहे. पण ती दुसरी, कापऱ्या आवाजाची, थंडी भरल्यासारखी रडायची. तू जमीन उखडलीस त्या दिवसापासून ऐकत होते मी. हेरान आली का म्हणून विचारलं तर तू नाही म्हणालीस. म्हटलं, आपलेच कान गेले." तिनं जुडी दोरीवरून पुढं केली. "हेरान आली त्या संध्याकाळपासून मात्र ती ऐकू येत नाही. बरी आहे ना?"

"बरी आहे. झोपलीय."

उल्जिनकरीणही या गावात तीस वर्षं नांदत होती, आणि त्या हिवाळ्यात बिनदोरीच्या या फाटकातून आत आली होती. तिनं पिशवीत हात घालून शेवाळाची आणखी एक जुडी काढली.

"ही तुला," ती म्हणाली. "तेव्हा तुला कुणी सूप केलं नव्हतं."

बुनिमनं दोन्ही जुड्या घेतल्या. स्वयंपाकघरात जाऊन भिजत घातल्या, भात चढवला आणि हात पुसत खोलीत आली. हेरान आणि बाळ मधल्या गादीवर गाढ झोपल्या होत्या. धुराड्याकडे सरळ अंथरलेलं लहान दुपटं चुरगळून खाली सरकलं होतं, पोरं पायांनी ढकलतात तसं. बुनिम खाली बसली आणि तिनं ते पुन्हा वर ओढलं.